दप्तरी काय घ्यावे : नाशिकच्या नोंदींचा इतिहास

नाशिकहून मुंबईकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर, त्रिरश्मी पर्वताच्या कड्यात जी लेणी कोरलेली आहेत आणि ज्यांना लोकव्यवहारात पांडवलेणी म्हणतात, त्यांपैकी दहाव्या लेण्याच्या भिंतीवर नहपान क्षत्रपाचा जामात उषवदात याने आपल्या दानाचा जो तपशील ब्राह्मी लिपीत कोरवून ठेवला आहे, तो आजच्या हिशेबनिसासही समाधान देईल इतका काटेकोर आहे. तीन हजार कार्षापणांची ठेव. त्यांपैकी दोन हजार गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे दरमहा दरशेकडा एक या दराने, उरलेले एक हजार कोष्ट्यांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे दरशेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही, केवळ व्याजाचा उपभोग घ्यावयाचा. आणि मोठ्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यावयाचे. रुजुवात घेऊन पाहिली, तर दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस येते आणि वीस भिक्षूंचे बारा-बारा मिळूनही दोनशे चाळीसच भरतात. एवढे सांगून झाल्यावर लेख म्हणतो की, हे सर्व निगमसभेत ऐकविले गेले आणि रूढीप्रमाणे फलकांच्या दप्तरी निबद्ध झाले. ते फलक कधीच नाहीसे झाले. श्रेण्यांनी महिनोमहिने ठेवलेले व्याजाचे हिशेबही गेले. दगडावर मात्र ठेव, दर, हेतू आणि नोंद झाल्याची साक्ष एवढेच घेतले होते. व्याजाची वार्षिक रक्कम वेगळी कोरण्याची कोणास आवश्यकता वाटली नाही, कारण मुद्दल आणि दर हाती असलेल्या कोणाही मनुष्यास ती केव्हाही काढता येते, आणि अठराशेहून अधिक वर्षांनंतर आपणही ती आत्ता काढली.

नोंदीत काय घ्यावे आणि काय बाहेर ठेवावे हा विवेक ज्यास करावा लागला नाही असे दप्तर कोणत्याही काळी झाले नाही. आणि आज नाशिकच्या गंगापूर रस्त्यावर किंवा कॉलेज रोडवर एखाद्या लहानशा कार्यालयात बसून कोणा द्राक्षबागाईतदार संघाची, शाळेची किंवा देवस्थानाची वेबसाइट घडविणाऱ्या तरुणांसमोर, फाइलींतील प्रत्येक बदलाची नोंद जपणाऱ्या आवृत्ती-नियंत्रणाच्या भांडारात कोणत्या फाइली घ्याव्यात हा जो प्रश्न रोज उभा राहतो, तो याच जुन्या प्रश्नाचा वंशज आहे. संगणकाच्या क्षेत्रात त्याची जी उत्तरे आज रूढ झाली आहेत, ती परक्या भूमीत आणि गेल्या अर्धशतकात सिद्ध झालेली असली, तरी त्यांमागील युक्तिवाद या शहरास परिचित नाही असे नाही. तो परिचय करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

त्याच डोंगरातील तिसऱ्या लेण्यात दानपत्रापेक्षा निराळ्या जातीचा एक पुरावा आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या राज्याच्या १८व्या वर्षी गोवर्धनचा अमात्य विष्णुपालित यास आज्ञा केली की, पश्चिम काखडी गावातील, पूर्वी उषवदाताच्या उपभोगात असलेले दोनशे निवर्तने क्षेत्र त्रिरश्मीवरील भिक्षूंस द्यावे. आज्ञा तोंडी झाली, अमात्य शिवगुप्ताने ती लिहून काढली, ती कोणाच्या रक्षणाखाली राहिली हेही लेखात नमूद आहे. पुढे सहा वर्षांनी, २४व्या वर्षी, राजाकडून आणि राजमातेकडून दुसरी आज्ञा निघाली, या वेळी अमात्य श्यामक याच्या नावे : काखडीचे जे शेत दिले होते ते कसले जात नाही, गावात वस्तीही राहिलेली नाही, सबब नगराच्या सीमेवरील राजकीय क्षेत्रातून शंभर निवर्तने द्यावीत. ही दुसरी आज्ञा पहिलीच्या खाली, त्याच भिंतीवर कोरली आहे, आणि पहिली खोडलेली नाही. छिन्नी हाती असलेल्या कारागिरास जुनी अक्षरे घासून टाकणे अवघड नव्हते. तरी मूळ आज्ञा जागेवर राखून, तिच्याखाली बदल, बदलाचे कारण, वर्ष आणि संबंधित अधिकाऱ्यांची नावे लिहिण्यात आली. आवृत्ती-नियंत्रण म्हणून आज जे ओळखले जाते त्याची सर्व अंगे येथे आहेत, आणि माझ्या मते महाराष्ट्रात या विषयाचा अभ्यास ज्यास आरंभापासून करावयाचा असेल, त्याने प्रथम या भिंतीसमोर उभे राहावे.

लेण्यांतून उतरून गोदावरीच्या काठी आल्यावर दुसरे एक दप्तर भेटते, आणि ते अद्याप जिवंत आहे. रामकुंडावर स्नानास, अस्थिविसर्जनास, श्राद्धास किंवा बारा वर्षांनी येणाऱ्या सिंहस्थास आलेल्या यात्रेकरूस क्षेत्रोपाध्याय प्रथम आडनाव आणि मूळ गाव विचारतात. मग ज्या घराण्याकडे त्या गावाचे किंवा त्या कुळाचे उपाध्येपण परंपरेने आहे, त्यांच्याकडे तो पोचविला जातो, आणि त्या घरी कापडात बांधून ठेवलेल्या वहीतून त्याच्या आज्याने, पणज्याने, कधी त्याहून मागच्या पुरुषाने येऊन गेल्याची नोंद काढून त्यास दाखविली जाते. जुनी पाने मोडीत आहेत, अलीकडची बाळबोधीत. येणाऱ्याने आपले, बापाचे, आज्याचे नाव, बंधू, पुत्र, गाव, येण्याचा प्रसंग आणि तिथी वा तारीख लिहावी व खाली सही करावी; लिहिता न येणाऱ्याची नोंद उपाध्यायांनी लिहावी, असा हा परिपाठ आहे. घराण्यात वाटणी झाली म्हणजे घर-शेताप्रमाणे या वह्यांचीही वाटणी होते, कारण यजमानांशी असलेला संबंध हाच त्या वृत्तीचा आधार आणि वही हाच त्या संबंधाचा दाखला.

या वहीची रचना न्याहाळली, तर तिच्या कर्त्यांनी एक भेद निःसंशय ओळखला होता असे दिसते. वहीच्या सोबत गावांची किंवा आडनावांची सूची असते, जिच्यावाचून हजारो नोंदींतून एक नोंद सापडणे अशक्यप्राय; तरी ती सूची हरवली, फाटली, वाळवीने खाल्ली, तर मूळ वह्या वाचून नवी करता येते. काम कंटाळवाणे आहे, परंतु साध्य आहे. मूळ नोंदीचे तसे नाही. शके १७००च्या सुमारास कोणा एका कुळकर्ण्याने आपल्या चार पुत्रांची नावे स्वहस्ते लिहिली असतील, तर ते पान गेल्यावर जगातील कोणतीही विद्वत्ता ती नावे पुन्हा उत्पन्न करू शकत नाही. म्हणून वही जीर्ण झाली म्हणजे तिची नक्कल होते, पण नक्कल झाली म्हणून अस्सल वही टाकून देत नाहीत. नकलेत शब्द येतात, हस्ताक्षर येत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नंतरच्या पिढीतील कोणी येऊन सांगितले की, आज्याच्या नोंदीत एका भावाचे नाव राहून गेले होते, तर ते नाव आज्याच्या पानात घुसडावयाचे नसते. नव्या नोंदीत, नव्या तारखेखाली, सांगणाऱ्याच्या सहीने ते येते. जुने पान त्या दिवशी जे सांगितले गेले त्याचे साक्षी म्हणून तसेच राहते. मला या शिस्तीविषयी फार आदर वाटतो, कारण ती कोणा हुजुराच्या दंडकाने लादलेली नाही. पिढ्यान्‌पिढ्या घाटावर बसून माणसांना त्यांचे पूर्वज दाखविताना ती आपोआप सिद्ध झाली.

अठराव्या शतकाच्या मध्यास नाशिक मोगलांकडून मराठ्यांकडे आले, आणि गंगथडीचा हा प्रदेश पुण्याच्या हुजूर दप्तराशी जोडला गेला. त्या दप्तराची व्यवस्था पुढे ज्या इंग्रज अधिकाऱ्यांनी अभ्यासली, त्यांच्या अहवालांवरून ती बरीच तपशीलवार समजते. चालू कारभार फडावर चाले, तेथून हुकूम, सनदा आणि नेमणुका निघत, आणि त्यांची दैनंदिन नोंद रोजकीर्दीत होई. गावोगावच्या कुळकर्ण्यांचे आणि मामलेदारांचे हिशेब बेहेड्याकडे येत. सरंजामाचे दप्तर स्वतंत्र होते. आणि या सर्वांचे कागद अखेरीस एकबेरीज दप्तरात जमा होत, जे नेहमी पुण्यासच असे. एकबेरीज दप्तरातील कारकून या कागदांवरून जमा, खर्च आणि शिल्लक यांचे वार्षिक तर्जुमे करीत आणि प्रत्येक बाबीच्या खतावण्या बांधीत. नाना फडणिसांच्या अमलात या कामावर सुमारे दोनशे कारकून होते.

तर्जुमा आणि खतावणी ही दोन्ही मूळ रोजकीर्दीवरून निघणारी, म्हणजे तत्त्वतः पुन्हा करता येण्याजोगी. तरी पेशव्यांचे दप्तर त्यांस जतन करी, आणि ते योग्यच होते. कारण दोनशे कारकुनांनी वर्षभर खपून केलेला तर्जुमा पुन्हा करावयाचा म्हणजे आणखी दोनशे कारकून आणि आणखी एक वर्ष. पुन्हा करता येते की नाही या प्रश्नाबरोबर पुन्हा करण्यास काय पडते हाही प्रश्न विचारावा लागतो, आणि जे आज यंत्राने क्षणार्धात होते ते ज्या काळी मनुष्याच्या डोळ्यांनी व बोटांनी होत होते, त्या काळच्या निर्णयाचे माप आजच्या काट्यावर करणे अन्यायाचे ठरेल.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत ही शिस्त ढासळली. दप्तराचा आस्थापनखर्च जवळजवळ बंद पडला, आणि लोकांनी कागद उचलून न्यावेत किंवा मन मानेल तसे करावे, इथवर मजल गेली. या अनास्थेची किंमत पुढच्या दोन पिढ्यांना द्यावी लागली. कंपनी सरकारने इनामांची चौकशी आरंभिली आणि १८५२च्या ११व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले, तेव्हा इनामदाराच्या हाती सनद आहे एवढ्याने भागेना. त्या सनदेचा दाखला दप्तरात आहे काय, हे पाहिले जाऊ लागले. ज्याचा दाखला शाबूत होता तो तरला. हाती असलेला कागद आणि दप्तरात असलेली नोंद यांतला फरक दख्खनच्या इनामदारांना त्या वर्षांत जितक्या कठोरपणे कळला, तितका तो पूर्वी कधीही कळला नसेल. पुढे गणेश चिमणाजी वाड यांनी याच दप्तरातील रोजनिश्यांतून वेचे निवडले आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तराचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यांच्या उपयोगी पडले ते प्रामुख्याने मूळ पत्रे आणि दैनंदिन नोंदी. वर्षाच्या बेरजा इतिहासकारास हव्याच असतात. पण अमुक दिवशी अमुक माणसाने अमुक का केले हे बेरजेत सापडत नाही.

इंग्रजी अमलात जमिनीच्या नोंदींची जी पद्धत बसली, तीत मूळ नोंद आणि तीवरून सिद्ध होणारा उतारा यांचा संबंध अत्यंत स्पष्ट झाला. मुंबई इलाख्यात १९०३ साली हक्कनोंदीचा कायदा झाला, १९१३ साली तो जमीन महसूल कायद्यात समाविष्ट झाला, आणि आज महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यातील तरतुदींखाली तीच चौकट चालू आहे. निफाडच्या किंवा दिंडोरीच्या शेतकऱ्याला सातबारा ठाऊक असतो. परंतु सातबारा हा आजची स्थिती दाखविणारा उतारा असून ती स्थिती कशी आली हे गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफाराच्या नोंदवहीत असते. खरेदी झाली, वारस लागले, वाटणी झाली, बोजा चढला, की तलाठ्याने फेरफार नोंदवावा, क्रमांक द्यावा, हितसंबंधितांस नोटीस काढावी, पंधरा दिवसांत हरकत आली तर ती तक्रारनोंदवहीत घ्यावी. आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करीपर्यंत हा बदल हस्तलिखित सातबाऱ्यावर पेन्सिलीने लिहिलेला असे, प्रमाणित झाल्यावर शाईने. ज्याचे नाव कमी झाले ते खरडून काढीत नसत. त्यास कंस करीत, आणि ज्या फेरफाराने ते गेले त्याचा क्रमांक वर्तुळात लिहीत. वर्तुळातील त्या आकड्याचा माग घेत एकामागून एक फेरफार काढीत गेले की, जमिनीची चार पिढ्यांची हकीकत उलगडते. जुन्या वकिलांस या आकड्यांविषयी जे प्रेम असते ते पाहून नवख्यास आश्चर्य वाटते, परंतु त्यांच्या विद्येचा अर्धा भाग तेवढाच असतो.

या पद्धतीतील एक दुबळी जागाही आहे. सातबाऱ्याचे पान भरले म्हणजे ठरावीक मुदतीनंतर त्याचे पुनर्लेखन होई, आणि जिवंत नोंदी तेवढ्या नव्या पानावर घेतल्या जात. त्या घेताना एखाद्या सहहिस्सेदाराचे नाव राहून जाई, इतर हक्कातील एखादी ओळ गळे. आणि मग फेरफाराची जुनी वही जपलेली असेल तरच ती चूक सिद्ध करता येई. उतारा हरवला तर फेरफारांवरून पुन्हा उभा राहतो, फेरफार हरवले तर उताऱ्यावरून ते कधीही उभे राहत नाहीत.

संगणकाच्या जगात हाच भेद १९७०च्या दशकात शब्दबद्ध झाला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी १९७२ साली एससीसीएस ही प्रणाली रचली, जी एका फाइलीच्या अनेक आवृत्त्या त्यांमधील फरकांच्या रूपाने जपत असे. १९७६ साली त्याच प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ हे साधन केले, ज्याने मूळ लेखनापासून यंत्राने सिद्ध होणाऱ्या फाइली कोणत्या आणि कोणत्या मूळ फाइलीत बदल झाल्यावर त्या पुन्हा कराव्या लागतील, हे लिहून ठेवण्याची सोय झाली. या दोहोंतून पुढचा दंडक जवळजवळ आपोआप निघतो : मनुष्याने लिहिलेले दप्तरात घ्यावे, यंत्राने त्यावरून केलेले घेऊ नये. १९८२च्या सुमारास वॉल्टर टिची यांची आरसीएस आली, १९८६ साली डिक ग्रून यांनी सीव्हीएसचा आरंभ केला, २०००पासून सबव्हर्जन घडू लागले, आणि लिनक्सच्या कर्त्यांस पूर्वी विनामूल्य मिळणारे बिटकीपर हे साधन मिळेनासे झाल्यावर एप्रिल २००५मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी गिट लिहिण्यास घेतले. गिटमध्ये प्रत्येक कमिटबरोबर, म्हणजे भांडारात नोंदविलेल्या बदलाबरोबर, कर्त्याचे नाव, वेळ, शेरा आणि आधीच्या कमिटची खूण असते. ती खूण आशयावरूनच गणिताने काढलेली असल्यामुळे मागचे एक अक्षर बदलले तरी पुढच्या सर्व खुणा बदलतात, आणि गुपचूप केलेला फेरफार उघडकीस येतो. शिवाय प्रत्येक भागीदाराकडे संपूर्ण इतिहासाची प्रत असते, त्यामुळे एका बाजीरावाच्या अनास्थेने सर्व दप्तर बुडण्याचा धोका पुष्कळ कमी झाला आहे.

वेबसाइटींच्या बाबतीत मात्र ही शिस्त उशिरा आली. प्रारंभीची अनेक वर्षे पाने सरळ सर्व्हरवर चढविली जात आणि तेथेच दुरुस्त केली जात. मागची प्रत ठेवावयाची झाली तर फाइलीच्या नावापुढे ‘जुनी’, ‘नवी’, ‘अंतिम’ असे काही जोडीत, आणि काही महिन्यांनी त्यांपैकी खरोखर अंतिम कोणती हे कोणासच सांगता येत नसे. गिटचा प्रसार झाल्यावर दुसऱ्या टोकाचा दोष दिसू लागला, तो म्हणजे फोल्डरात असेल नसेल ते सर्व एका आज्ञेने भांडारात ढकलण्याचा. आज नव्याने हे काम शिकणाऱ्याच्या हातून बहुधा हाच दोष घडतो, आणि म्हणून कोणत्या फाइली कोणत्या जातीच्या हे सावकाश पाहणे इष्ट आहे.

पानांचे साचे, शैलीपत्रके, मनुष्याने लिहिलेली जावास्क्रिप्ट आणि पीएचपी, डेटाबेसची रचना बदलणाऱ्या आज्ञा, हे सर्व मूळ लेखन. त्याविषयी मतभेद नाही. सासमध्ये लिहिलेल्या शैलीवरून निघणारी सीएसएस, दाबून लहान केलेली जावास्क्रिप्ट, कॅशे, सर्व्हरचे लॉग हे सर्व पुन्हा उत्पन्न होणारे किंवा क्षणिक, आणि त्यांस प्रवेश देऊ नये; कारण त्यांतील प्रत्येक बदल भांडाराच्या इतिहासात शेकडो निरर्थक ओळी ओततो आणि मनुष्याने केलेला खरा बदल त्यात दिसेनासा होतो. एक अपवाद मी मान्य करतो. ज्या स्वस्त सर्व्हरवर ही रूपांतरे करण्याची सोयच नाही आणि भांडारातूनच फाइली थेट उचलल्या जातात, तेथे तयार सीएसएस ठेवल्यावाचून गत्यंतर नसते. पेशव्यांच्या तर्जुम्याला जो न्याय लागू केला तोच येथे लागू करावा.

दुसऱ्यांनी लिहिलेली ग्रंथालये, म्हणजे नोडच्या प्रकल्पातील नोड-मॉड्यूल्स किंवा पीएचपीच्या कंपोझरने आणलेले व्हेंडर हे फोल्डर, हजारो फाइलींची असतात आणि एका आज्ञेने पुन्हा आणता येतात. ती घेऊ नयेत. पण नेमकी कोणती आवृत्ती आणली होती हे लिहून ठेवणारी जी लॉक फाइल असते ती यंत्राने लिहिलेली असूनही दप्तरात घ्यावीच, आणि येथे यंत्र की मनुष्य हा ढोबळ दंडक अपुरा पडतो. ती फाइल नसेल तर आज आणलेले ग्रंथालय आणि सहा महिन्यांनी आणलेले ग्रंथालय एकच असेल याची शाश्वती नाही. त्या दिवशी त्या घटकेस काय निवडले गेले ही घटना तीत नोंदलेली असते, आणि घटना पुन्हा गणिताने काढता येत नाही. मराठी वेबसाइटीस आणखी एका वस्तूची काळजी वाहावी लागते, ती म्हणजे देवनागरी टंक. जोडाक्षरे कशी पडतील, रफार कोठे बसेल, हे टंकावर अवलंबून असते. तेव्हा एक टाइपच्या ‘मुक्ता’सारखा मुक्त परवान्याचा टंक वापरला असेल, तर त्याची फाइल आणि परवाना दोन्ही भांडारात असावीत. ज्याचा परवाना तसा नाही, तो उघड्या भांडारात ठेवणे बेकायदेशीर होईल.

छायाचित्रांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. रचनेचा भाग असलेली थोडी चित्रे, बोधचिन्ह, चिन्हिका ही घेण्यास हरकत नाही. परंतु संपादकाने किंवा ग्राहकाने रोज चढविलेली छायाचित्रे, वर्डप्रेसच्या अपलोड्स या फोल्डरातली, घेऊ नयेत. चित्राच्या दोन आवृत्त्यांतील फरक ओळीओळीने मांडता येत नाही. प्रत्येक नवी प्रत जवळजवळ पूर्ण आकाराने साठते, आणि भांडाराची प्रत घेणाऱ्या प्रत्येकास ती सर्व वाहावी लागतात. गिटहब तर १०० एमबीहून मोठी फाइल स्वीकारीतच नाही. मात्र ही छायाचित्रे पुन्हा करता येत नाहीत; शाळेच्या संमेलनाचे छायाचित्र गेले म्हणजे गेले. दप्तरात घेतले नाही याचा अर्थ जपावयाचे नाही असा होत नाही. त्यांचा बॅकअप स्वतंत्र आणि नियमित हवा. वर्डप्रेसमध्ये पानांचा मजकूर, वरची अनुक्रमपट्टी आणि पुष्कळशा निवडी डेटाबेसमध्ये असतात हेही विसरू नये. भांडार शाबूत आहे म्हणून वेबसाइट शाबूत आहे असे मानणाऱ्यावर सर्व्हर बंद पडल्याच्या दिवशी फार कठीण प्रसंग येतो.

राहिल्या गुप्त गोष्टी. डेटाबेसचा पासवर्ड, पैसे घेणाऱ्या सेवेच्या किल्ल्या, पत्रे पाठविण्याची परवानगी, या गोष्टी वर्डप्रेसच्या डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये किंवा एन्व्ह या फाइलीत असतात, आणि त्या भांडारात कदापि येऊ देऊ नयेत. त्यांऐवजी खरी मूल्ये रिकामी ठेवलेला एक नमुना घ्यावा, म्हणजे नव्याने येणाऱ्या सहकाऱ्यास काय काय भरावयाचे ते कळेल. ज्या गुणासाठी आपण हे दप्तर ठेवतो तोच येथे घात करतो. पुढच्या कमिटमध्ये पासवर्ड काढून टाकला, तरी मागच्या कमिटमध्ये तो त्या तारखेखाली, त्या कर्त्याच्या नावाने तसाच राहतो, आणि प्रत घेतलेल्या प्रत्येकाच्या हाती पोचलेला असतो. इतिहास पुन्हा लिहिण्याची साधने आहेत, पण बाहेर गेलेल्या प्रती परत येत नाहीत. असे झाल्यास प्रथम पासवर्ड बदलावा, आणि मग इतर उपाय पाहावेत. हा क्रम उलटा करणाऱ्यांची घाई मला नेहमी काळजीत टाकते.

काय वगळले याची यादी गिट ज्या फाइलीत ठेवतो, ती गिटइग्नोर नावाची फाइल स्वतः मात्र भांडारात असते, आणि हा मला या सर्व व्यवस्थेतील अत्यंत सुज्ञ भाग वाटतो. महाराष्ट्रातील सरकारी कार्यालयांत कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे, अ वर्ग कायम आणि ड वर्ग अल्पकाळाने नाश करावयाचा. आणि नाश केलेल्या कागदांची यादी सक्षम अधिकाऱ्याच्या सहीने ठेवावी लागते. १९८०च्या दशकात शेजारच्या, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी टेबलावरील कागदांसाठी सहा गठ्ठ्यांची पद्धत घालून दिली, तीतही नाश करावयाच्या कागदांना स्वतंत्र गठ्ठा दिलेला होता. वगळण्याचा निर्णयही कोणी, केव्हा आणि कशासाठी घेतला हे लिहिलेले असावे लागते, नाहीतर दोन वर्षांनी येणारा माणूस एखादी ओळ अनावश्यक समजून काढून टाकतो आणि दुसऱ्या दिवशी लॉगचा डोंगर भांडारात येऊन पडतो. म्हणून गिटइग्नोरमध्ये एखादी नवी ओळ घातली, तर तिच्या कमिटचा शेरा ‘दुरुस्ती’ एवढ्यावर संपवू नये. कोणते फोल्डर वगळले, ते कशापासून पुन्हा तयार होते, आणि होत नसेल तर त्याचा बॅकअप कोठे जातो, हे तीन वाक्यांत तेथेच लिहावे.